पाणी कुठे मुरतं

सकाळी सहाला गाव सोडलं तेव्हा
समुद्र पाठीशी, शिशाच्या पत्र्यासारखा निपचित.
पिशवीत चार लिटर पाणी.
"सहा घे," श्पिरो म्हणाला होता,
"वर डोंगर पितो, पाजत नाही."
मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, नावाडी आहे,
नावाड्याचं आणि डोंगराचं वाकडंच असायचं.

वेलेबितचा चुनखडक
लांबून पाहावा तर मेंढ्या बसल्यात रवंथ करत,
जवळ गेलं की करवत.
पावसानेच धार लावलेली पाती
आणि पात्यांमध्ये बोटभर, वीतभर, पुरुषभर फटी.
एकीत खडा टाकला.
मोजत राहिले. सातपर्यंत ऐकू आला.
पुढे त्याने पडणं सोडलं नसेल,
माझे कान संपले.

पाऊस इथे काही कमी नाही.
पण ओढा नाही, डबकं नाही, दगडाखाली ओल नाही.
पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं,
तर पालथा घडा निदान बाहेरून भिजतो.
हा सरळ आभाळालाच चुना लावतो.

खळग्यात तांबडी माती, परातीएवढी,
तिच्याभोवती कमरेइतका गडगा,
चुन्याच्या डोंगरात चुन्याशिवाय रचलेला.
आत बटाट्याची अकरा रोपं.
अकरा रोपांना एवढा बंदोबस्त कशाला,
ते दुपारी कळलं.
वाऱ्याचं नाव इथे बुरा.
नावातच सगळं आलं.

दोनच्या सुमाराला शेवटची बाटली उलटी धरून
मी तिच्या तळाशी बोलत होते,
तेव्हा कुत्रं भुंकलं, आणि त्याच्यामागून स्तोशा आली.
ऐंशीच्या घरातली, पुरुषी बूट,
गळ्यातल्या दोऱ्यात क्रॉस, क्रॉसशेजारी किल्ली.
किल्ली टाक्याची.
लाकडी झाकण, कुलूप, आत काळोख,
काळोखात पोहरा सोडून तिने वर काढलं
गेल्या हिवाळ्याचं बर्फ.
एक पळी मला. एक कुत्र्याला.
मग थांबून, माझ्या तोंडाकडे पाहून,
अजून अर्धी.

निघताना म्हणाली,
"खिंडीत दोन उभे दगड दिसतील. मधे बसू नकोस.
बापाचं माप आहे."
खालचं चर्च सात तासांवर. प्रेत खांद्यावर,
आणि वाटेत टेकवायचं एकदाच, त्या जागी.
डोक्याशी एक दगड, पायाशी एक.
"खाली पुरलं ते ओझं," ती म्हणाली,
"माणूस खिंडीतच उतरला."
ती तेव्हा सात वर्षांची होती.
खांदेकऱ्यांसाठी पाण्याची कळशी
तिच्या हातात होती. सांडली नाही, म्हणाली.
दोनदा म्हणाली.

मी खिंडीतून गेले.
बसले नाही. पण नजरेने अंतर घेतलंच.
माझ्यापेक्षा वीतभर बुटका होता.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांचा दही-भात झालेला,
श्पिरोने मला होडीत अक्षरशः ओतलं.
किनाऱ्यापासून थोडं आत
समुद्राला एक जागी उकळी फुटत होती,
वाफेशिवाय.
"उडी मार."
मारली. घोट्यांना बर्फ चावला,
मग पोटऱ्यांना, मग बरगड्यांना.
"आता तोंड उघड."

खारट. खारट. आणि मधेच
गोड.

"स्तोशा एक टाकं कुलपात ठेवते," तो म्हणाला,
"बाकीचा पाऊस इकडे."
कधीचा?
त्याने वल्ह्यावरचं पाणी निथळू दिलं.
"परवाचा असेल. माझ्या आजाच्या लग्नातला असेल.
आत कोण बघायला गेलंय?"

मी पाठीवर पडून राहिले,
डोंगर उलटा दिसत होता, पांढरा, कोरडा, काही न कबूल करणारा.
खालून पाणी पाठीला ढोसत होतं,
मला उगीच वाटत राहिलं,
आता खडा लागेल.